दोन इंचांचा हिशेब

ऑफ-रोड गाडीचे सस्पेन्शन उचलणे म्हणजे स्प्रिंगांवर तोललेला सगळा भार, म्हणजे चॅसी, बॉडी, इंजिन, गिअरबॉक्स आणि टाकी, चाकांच्या मध्यापासून आणखी थोडा वर नेणे. चाके आणि त्यांना जोडणारा ठोस आस होते तिथेच राहतात. लिफ्ट बसवायला आलेल्या गिऱ्हाइकाने यातले पहिले वाक्य कुठेतरी ऐकलेले असते, दुसरे सहसा नसते. गॅरेजमधली निम्मी वादावादी त्या दुसऱ्या वाक्यावरून होते.

बैलगाडी बांधणाऱ्या सुताराला ते वाक्य कोणी शिकवावे लागले नव्हते. चिखलातून जाताना कणा चिखलाच्या वर राहिला पाहिजे, तर चाकच मोठे हवे. दुसरा उपाय नाही. मोटारीच्या ठोस आसालाही हाच नियम लागू आहे. आसाच्या मध्यावर डिफरन्शिअलचा जो फुगवटा असतो, त्याची जमिनीपासूनची उंची फक्त टायरच्या त्रिज्येवर ठरते. वर स्प्रिंग दोन इंच लांब घाला नाहीतर सहा इंच, फुगवटा तसूभर हलत नाही.

नाशिकला तयार होणारी महिंद्रा थार उदाहरणासाठी सोयीची आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये विक्रीला आलेल्या तीन दारांच्या थारला पुढे दोन आर्मचे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, मागे कॉइल स्प्रिंगवरचा ठोस आस. कंपनी ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर सांगते. तिच्या वरच्या प्रकाराला २५५/६५ आर १८ मापाचे टायर येतात, त्यांचा व्यास हिशेबाने ७८९ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी २८५/७० आर १७ घातले तर व्यास ८३१ होतो. वाढ ४२ मिलिमीटरची, पण आस वर जातो त्याच्या निम्मा, म्हणजे २१. त्या २१ मिलिमीटरची किंमतही मोजावी लागते. चाक पाच टक्क्यांनी मोठे झाल्यामुळे मूळ टायरांवर ताशी ८० किलोमीटर दाखवणारा काटा आता तेवढ्याच वाचनाला ८४ चा वेग झाकून ठेवतो, इंजिनाला आधीपेक्षा जड चाक फिरवावे लागते, आणि पूर्ण स्टिअरिंग वळवले की टायर आतल्या प्लास्टिकला घासू लागतो. हे घासणे टाळायला जागा हवी म्हणून लिफ्ट. बहुतेक गाड्यांच्या बाबतीत लिफ्टचे पहिले खरे काम हेच असते.

दुसरे काम पोटाखालचे. लिफ्ट निवडण्याची सुरुवात म्हणूनच कॅटलॉगपासून न होता गॅरेजच्या खड्ड्यातून व्हायला हवी. बॅटरी हातात घेऊन गाडीखाली उभे राहिले की गाडी कुठे कुठे टेकली ते धातूवर लिहिलेले असते. मागच्या डिफरन्शिअलच्या तळाला ताजी, चकचकीत, लांबट रेघ असेल तर ती गाडी ट्रॅक्टरच्या खोल चाकोरीतून गेलेली आहे. चाके चाकोरीत उतरली आणि मधल्या वरंब्याने फुगवटा तासला. अशा गाडीला लिफ्टचा काडीचा उपयोग नाही. तिला टायर तरी मोठे हवेत, नाहीतर चालवणाऱ्याने चाकोरी सोडून एक चाक वरंब्यावर घेण्याची सवय लावून घ्यायला हवी. दुसरा उपाय फुकट आहे, पण गिऱ्हाइकाला तो क्वचितच आवडतो.

ओरखडे चॅसीच्या आडव्या पट्ट्यांवर, ट्रान्सफर केसखालच्या पत्र्यावर किंवा टाकीच्या आवरणावर असतील, तर गोष्ट वेगळी. गाडी बांधावरून किंवा जांभ्या दगडाच्या पायरीवरून जाताना मधोमध टेकते आहे. इथे लिफ्ट उपयोगी पडते, आणि किती पडते तेही काढता येते. थारच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २४५० मिलिमीटर आहे. पोट ५० मिलिमीटर वर गेले तर उंचवटा ओलांडण्याचा कोन चार ते साडेचार अंशांनी वाढतो. पाच दारांच्या थार रॉक्समध्ये हेच अंतर २८५० असल्याने तेवढ्याच लिफ्टला चार अंशही हाती लागत नाहीत. लांब गाडीला लिफ्ट कमी लाभते, हे चालवणाऱ्याला रस्त्यावर जाणवते. आकडा फक्त त्याचे कारण सांगतो.

कधी कधी खड्ड्यात उतरल्यावर भलतेच निघते. एका थारचा मालक तीन इंचांची लिफ्ट मागत आला होता. मुळशीकडच्या आडवाटेवर गाडी सारखी खाली लागते, अशी तक्रार. चॅसी स्वच्छ, डिफरन्शिअल स्वच्छ, टाकी स्वच्छ. दोन्ही बाजूंना बाजारातून आणून बसवलेले फूटबोर्ड मात्र खालून इतके चेपलेले, की त्यांचे ब्रॅकेट वळून दरवाज्याच्या काठाला भिडले होते. फूटबोर्ड कडेने चॅसीच्या बरेच खाली लोंबत होते. बारा बोल्ट काढले आणि तक्रार संपली. गॅरेजला त्या दिवशी तासाभराची मजुरी मिळाली, किट विकले गेले नाही. पण लिफ्टचा सल्ला देणाऱ्याने या धंद्याची एवढी तोटाखोरी मान्य केलेलीच बरी.

लिफ्ट हवीच असे ठरले की प्रश्न येतो किती. दीड ते दोन इंच, म्हणजे ४० ते ५० मिलिमीटर, हा आकडा जगभरच्या किट बनवणाऱ्यांनी हौसेने निवडलेला नाही. कंपनीने गाडीची जी हालचाल गृहीत धरून बॉलजॉइंट, ॲक्सल शाफ्टचे जॉइंट, ब्रेकचे होज आणि प्रोपेलर शाफ्ट आखलेले असतात, तिच्या आत राहून मिळणारी उंची साधारण तेवढीच असते. त्यापुढे प्रत्येक इंचाबरोबर एकेक सुटा भाग बदलत जावे लागते, आणि यादी कुठे थांबते ते आधी कळत नाही.

हालचालीचा मुद्दा जरा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण स्वस्त लिफ्ट इथेच फसवते. समजा, एखाद्या शॉकअपची पूर्ण चाल २०० मिलिमीटर आहे आणि गाडी उभी असताना तो बरोबर मध्यावर आहे. चाक १०० मिलिमीटर वर जाऊ शकते, १०० खाली लोंबू शकते. आता स्प्रिंगखाली ५० मिलिमीटरची चकती घातली, शॉकअप जुनाच ठेवला. गाडी उंच झाली, पण शॉकअप उभ्या स्थितीतच ५० ने ताणला गेला. चाक खाली लोंबायला आता ५० च उरले. खाचखळग्यात एक चाक खड्ड्यात उतरले की ते जमिनीला पोचण्याआधीच शॉकअपचा दम संपतो, आतून ठक् असा आवाज येतो आणि चाक हवेत गरगर फिरते. म्हणजे उंची वाढवून पकड घालवली. मूळ गाडी ज्या ओढ्यातून निघाली असती, त्याच ओढ्यात उचललेली गाडी अडकते, आणि मालकाला कारण सापडत नाही, कारण बाजूने पाहताना गाडी पूर्वीपेक्षा जास्त मर्दानी दिसत असते.

म्हणून स्प्रिंग आणि शॉकअप जोडीनेच बदलायचे, आणि शॉकअप लिफ्टइतकाच जास्त लांब घ्यायचा. टायर मोठे असतील तर वरच्या बाजूला बम्पस्टॉपही तेवढा खाली आणायचा, नाहीतर चाक पूर्ण वर गेल्यावर टायर फेंडरला जाऊन भिडतो. हे सगळे एका किटमध्ये देणारे आहेत, नुसत्या चकत्या देणारेही आहेत. चकत्यांचा संच स्वस्त पडतो आणि २० ते २५ मिलिमीटरपर्यंत, सपाटीवर चालणाऱ्या गाडीला, तो निभावूनही जातो. त्यापुढे तो घेऊ नये.

पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये चकतीचा हिशेब आणखी फिरतो. कॉइल आणि शॉकअपचा जोड खालच्या आर्मवर अध्येमध्ये कुठेतरी टेकलेला असतो, चाक आर्मच्या टोकाला असते. तरफेचाच नियम. जोडाच्या डोक्यावर २५ मिलिमीटरची चकती घातली तर चाकापाशी उंची तिच्या दीडपट ते दुप्पट वाढते. हे ठाऊक नसलेला फिटर मागे ५० आणि पुढेही ५० ची चकती घालतो, आणि गाडी नाक आभाळाकडे करून उभी राहते. आर्म इतके खाली झुकतात की ॲक्सल शाफ्टचे बाहेरचे जॉइंट कायम तिरके फिरतात. त्यांच्या रबरी बुटाच्या घड्या एकमेकींवर घासून फाटतात, ग्रीस बाहेर उडते, आत चिखल जातो. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे गोलाकार उडालेले दिसले की समजावे, बूट गेला. तेवढ्यावर बूट बदलला तर शाफ्ट वाचतो. वळताना कटकट आवाज येईपर्यंत वाट पाहिली तर वाचत नाही.

जुन्या, म्हणजे २०१० ते २०२० च्या दरम्यानच्या थारच्या स्वतंत्र सस्पेन्शनवाल्या प्रकारात, पुढे कॉइल नाही, टॉर्शन बार आहे, आणि मागे पाटे. टॉर्शन बारच्या टोकाला उंची जुळवण्याचा बोल्ट असतो. तो आवळला की गाडीचे नाक वर येते. याला गॅरेजांत फुकटची लिफ्ट म्हणतात. बोल्ट कंपनीने दिला आहे तो बार बसल्यावर, म्हणजे वर्षानुवर्षांच्या भाराने ढिला पडल्यावर, मूळ उंची परत मिळवण्यासाठी. लिफ्टसाठी तो वापरला की होते काय, ते जॅक लावल्यावर दिसते. चाक जमिनीवरून उचलायला सुरुवात केली तर चांगल्या गाडीत आर्म बराच वेळ चाकाबरोबर खाली येत राहतो. या गाडीत जॅकची दोन-तीन दाबणी होतात न होतात तोच वरचा आर्म रबरी अडथळ्यावर टेकतो आणि चाक लगेच सुटते. खाली लोंबायला काही शिल्लकच नाही. रस्त्यावर प्रत्येक खड्ड्यात हाच अडथळा वाजतो आणि मालक म्हणतो शॉकअप गेले. शॉकअप ठणठणीत असतात.

पाट्यांच्या गाड्यांना लिफ्टचे जुने उपाय दोन. लांब शॅकल हा त्यांतला सोपा. आस पाट्याच्या मधोमध असल्याने शॅकल ४० मिलिमीटर लांबवली की गाडी साधारण २० नेच वर येते, आणि पाट्याचे एकच टोक खाली गेल्यामुळे आस आपल्याभोवती किंचित कलतो. मागे तो कलला की प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, ठरावीक वेगाला खालून थरथर येते आणि क्रॉस लवकर जातात. दुसरा उपाय, पाट्यांना नवी कमान देणे किंवा एक पाटा वाढवणे, जास्त भरवशाचा आहे. मात्र वाढीव पाट्याने गाडी रिकामी असताना दणकते. जिप्सीवाल्यांचा आवडता तिसरा मार्ग आहे, मुळात पाट्यांच्या वर बसलेला आस पाट्यांच्या खाली नेण्याचा. त्यात चार-पाच इंच मिळतात. ते काम माफक लिफ्टच्या हद्दीबाहेरचे आहे, म्हणून इथे सोडून दिलेले बरे.

जिम्नीचे दुखणे वेगळे. जून २०२३ मध्ये भारतात आलेल्या पाच दारांच्या जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे ठोस आस आहेत, आणि प्रत्येक आसाला बाजूला सरकू न देण्यासाठी चॅसीपासून आसापर्यंत एक तिरका रॉड आहे. गाडी वर गेली की हा रॉड जास्त तिरका होतो आणि आसाला चॅसीकडच्या टोकाच्या दिशेने ओढतो. ९०० मिलिमीटरचा रॉड धरला तर दोन इंचांच्या लिफ्टला हे सरकणे चार ते सात मिलिमीटरचे असते. डोळ्याला ते दिसत नाही, पण पुढचा आस एकीकडे आणि मागचा दुसरीकडे सरकला तर गाडी सरळ रस्त्यावर खेकड्यासारखी तिरकी धावते. लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड घेतला की प्रश्न मिटतो. पुढच्या आसाला धरणारे लांब आर्म लिफ्टबरोबर आस किंचित फिरवतात आणि कॅस्टर कमी होतो. स्टिअरिंग सोडल्यावर ते आपोआप सरळ येईनासे होते, हायवेवर गाडी हातात भटकते. यावर वेगळ्या भोकांचे बुश मिळतात. किटमध्ये ते आहेत का, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा.

स्प्रिंग किती कडक घ्यायची हे लिफ्टच्या इंचांवर ठरत नाही, कायम वाहायच्या वजनावर ठरते. पुढे लोखंडी बम्पर आणि विंच लावणाऱ्याचे नाक काही दिवसांत खाली बसते, त्याला पुढे जड स्प्रिंग हवी. शनिवार-रविवारी दोघेच जण फिरणार आणि मागे एक तंबू, त्याने तीच जड स्प्रिंग घेतली तर पाठीचा हिशेब वेगळा लागतो. गिऱ्हाईक इथे हमखास वाढवून सांगते. पुढच्या वर्षी विंच लावणार, लडाखला जाणार, छतावर तंबू टाकणार. पुढच्या वर्षीच्या गाडीसाठी यंदा स्प्रिंग घेऊ नये. रिकाम्या गाडीत कडक स्प्रिंग दबतच नाही, मग चाक खळग्याला धरून चालत नाही, उड्या मारते. तशा गाडीच्या टायरमधली हवा ३२ वरून १८ पीएसआयवर आणली तर लिफ्टपेक्षा जास्त पकड मिळते. पक्क्या रस्त्यावर परतताना ती पुन्हा भरायची, एवढेच.

उंचीची किंमत वळणावर मोजली जाते. अमेरिकेची वाहन-सुरक्षा संस्था, एनएचटीएसए, गाडी उलटण्याचा कल एका साध्या गुणोत्तराने मांडते. चाकांमधली आडवी रुंदी भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. मोटारींचा आकडा साधारण १.३० ते १.५०, उंच एसयूव्हींचा १.०० ते १.३०. थारची चाकांमधली रुंदी १५२० मिलिमीटर आहे. गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटरवर आहे असे उदाहरणापुरते धरले, तर गुणोत्तर १.०९ येते. पन्नासच्या लिफ्टने चाके-आस खालीच राहत असल्याने गुरुत्वमध्य सुमारे ४० ने चढतो आणि गुणोत्तर १.०३ होते. त्यावर ते मोठे टायर घातले तर १.०० वर येऊन टेकते. छतावर दोन जेरीकॅन आणि जॅक अजून ठेवायचे आहेत. तीन इंच मागणाऱ्याला हे गणित कागदावर करून दाखवले की तो बहुधा दोनवर येतो. ताम्हिणीच्या उतारावर पावसात करून पाहण्यापेक्षा कागद बरा.

कायद्याची बाजू गॅरेजवाले सहसा काढत नाहीत, पण ती सांगायला हवी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ खाली परवानगी नसलेल्या फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे किट विकत घेण्याआधी आरटीओत चौकशी करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. अपघातानंतर सर्वेअर गाडीखाली वाकतोच, आणि न कळवलेल्या बदलावरून दावा अडवता येतो. नव्या गाडीच्या वॉरंटीलाही हेच लागू.

बसवण्याच्या कामात दोन गोष्टी राहून जातात. पहिली मोजमाप. गाडी सपाट फरशीवर, टाकी भरलेली, आत कोणी नाही. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही कोपरे मोजून कागदावर लिहायचे. जमिनीपासून मोजले तर टायरमधली हवा आकडा फिरवते, म्हणून मध्यापासून. शिवाय मागच्या डिफरन्शिअलखालची उंची वेगळी लिहायची. दुसरी गोष्ट बुशची. आर्मच्या आणि रॉडच्या टोकाला रबरी बुश असतात. त्यांचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे आवळू नयेत. तसे आवळले की रबर लटकलेल्या स्थितीत पकडले जाते, गाडी जमिनीवर आली की पिळले जाते आणि कायम पिळलेलेच राहते. काही महिन्यांत ते फाटते आणि दोष किटला लागतो. गाडी चाकांवर उतरवून, थोडी पुढे-मागे ढकलून, मग टॉर्क पान्याने आवळायचे. हे काम गाडीखाली उताणे पडून करावे लागते, म्हणूनच ते टाळले जाते. गिऱ्हाइकाने त्या वेळी उभे राहून बघावे.

त्यानंतर ब्रेकचे होज आणि एबीएसच्या तारा चाक पूर्ण लोंबवून तपासायच्या, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून टायर कुठे लागतो ते पाहायचे, अलाइनमेंट करायची आणि हेडलाइट खाली आणायचे. हेडलाइटचा स्क्रू फिरवायला पाच मिनिटे लागतात, तरी समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश मारत जाणाऱ्या उंच गाड्या रात्री हायवेवर जागोजागी भेटतात.

स्प्रिंगा पहिल्या काही आठवड्यांत थोड्या बसतात. म्हणून हजार किलोमीटर झाल्यावर गाडी परत आणायची, सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे आणि त्याच फरशीवर, टाकी भरून, जुन्या कागदाशेजारी नवे आकडे लिहायचे. पन्नासच्या किटने चारही कोपऱ्यांना चाळीस ते पन्नासच्या मध्ये वाढ दाखवली आणि डावी-उजवी बाजू पाच मिलिमीटरच्या आत जुळली, तर काम चांगले झाले. टायर जुनेच असतील तर डिफरन्शिअलखालचा आकडा दोन्ही कागदांवर एकच असतो.